स्वयंपाकघर रस्त्याकडे

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या ग्रीनबेल्ट गावात जुन्या घराचे पुढचे दार कोणते, हे नव्या पाहुण्याला चटकन कळत नाही. मोटार थांबते त्या बाजूला स्वयंपाकघर आणि कचऱ्याचे डबे असतात. दिवाणखाना मात्र पलीकडच्या हिरवळीकडे तोंड करून असतो. त्या हिरवळीतून पायवाटा निघतात आणि मोठा रस्ता आडवा आला, की त्याखालच्या भुयारी वाटेने पुढे जातात. शाळेत किंवा दुकानात जाणाऱ्या मुलाला रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागचा विचार. मोटारींच्या देशात मोटारीला मोरीच्या बाजूला उभे करण्याची हिंमत दाखवणाऱ्या आखणीकारांचे मला नेहमी कौतुक वाटते.

हे गाव सरकारने वसवले. महामंदीच्या काळात, 1935 साली, रूझवेल्ट प्रशासनातील रेक्सफर्ड टगवेल यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनजवळ, तंबाखूच्या पिकाने कस गेलेल्या जमिनीवर बांधकाम सुरू झाले. बेकारांना काम आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना घर, असे दोन्ही हेतू त्यात होते. 1937 च्या शरदात पहिली बिऱ्हाडे आली. घरे 885 आणि अर्ज हजारोंनी, त्यामुळे निवड कडक होती. मिळकतीपासून धर्मापर्यंत सारे पाहिले जाई. आत आल्यावरही कुत्रा पाळायला बंदी होती, आणि दुपारी चारनंतर किंवा रविवारी दोरीवर कपडे दिसता कामा नयेत, असा नियम होता. गाव उभारणाऱ्या मजुरांत कृष्णवर्णीय होते, पण घर मिळालेल्यांत एकही कृष्णवर्णीय कुटुंब नव्हते. शेजारधर्माचा हा नमुना पाहायला येणाऱ्यांना ते खटकले नसेल, तर नवल वाटते.

महायुद्धानंतर सरकारने घरमालकीतून अंग काढून घ्यायचे ठरवले, तेव्हा रहिवाशांनी सहकारी संस्था काढून 1952 मध्ये सुमारे सोळाशे घरे विकत घेतली. युद्धकाळात बांधलेली लाकडी घरेही त्यांत आली. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत आयुष्य काढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. इमारत संस्थेची, सभासदाला राहण्याचा कायमचा हक्क, दरमहा वर्गणी, आणि कुंपण किती उंच असावे यासाठीही नियमावली.

या गावाला एकत्र ठेवले ते जिव्हाळ्याने, असे सांगण्याची पद्धत आहे. मला वाटते, त्याहून अधिक श्रेय सभांना आणि भांडणांना द्यावे लागेल. त्याचा पुरावा दर आठवड्याला फुकट घरपोच मिळतो. 1937 च्या नोव्हेंबरात रहिवाशांनी सुरू केलेले साप्ताहिक आजही निघते. नगरपरिषदेत कोण काय बोलले, हे ते इतक्या बारकाईने छापत आले आहे, की 1960 च्या दशकात त्यावरून एक खटला उभा राहिला. चार्ल्स ब्रेस्लर या बांधकाम व्यावसायिकाला स्वतःच्या जमिनीवर दाट वस्तीची परवानगी हवी होती, आणि त्याच वेळी शाळेसाठी नगरपरिषदेला त्याची दुसरी जमीन हवी होती. या देवाणघेवाणीला भर सभेत नागरिकांनी ‘ब्लॅकमेल’ म्हटले आणि पत्राने ते तसेच छापले. ब्रेस्लर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्युरीने 17,500 डॉलर भरपाई ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि 1970 मध्ये त्या न्यायालयाने निकाल फिरवला: सभेतली ती तापलेली भाषा होती, गुन्ह्याचा आरोप नव्हे. गल्लीतल्या वादाने वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्यात भर घालावी, ही गोष्ट ग्रीनबेल्टला शोभणारीच आहे.

पुढे महामार्गांनी गावाचे तुकडे केले. त्यांच्या पलीकडे उंच सदनिका आणि नवी घरे उठली, नाना देशांची माणसे तिथे राहू लागली, आणि जुन्या चंद्रकोरी आखणीचा भाग त्या वाढलेल्या शहरातला एक मोहल्ला होऊन बसला. पायवाटेने सगळीकडे जाता यावे, ही मूळ योजना नव्या भागांपर्यंत पोहोचलीच नाही. मोटारीने शेवटी आपला हिशेब चुकता केला.

जुन्या चौकात मात्र सहकारी किराणा दुकान चालू आहे. आधीच्या ग्राहक संस्थेने इथले दुकान सोडायचे ठरवले, तेव्हा 1984 मध्ये रहिवाशांनी नवी संस्था काढून ते आपल्याकडे घेतले. दुकान आकाराने लहान आहे, आणि मोठ्या बाजारातली निवड तिथे मिळणार नाही. तिथे जाणाऱ्याने दोन वस्तूंसाठी पाऊण तास हाताशी ठेवावा, कारण रांगेत कोणीतरी परवाच्या सभेचा विषय काढतेच.