तुम्ही विचारलंत म्हणून : खरंच वाईला जाणार आहेस का?

गेल्या काही महिन्यांत भेटणारे बहुतेक मित्र एकच प्रश्न विचारतात : ‘पुणे सोडून वाईला जाणार म्हणे, खरंच, की तुझं नेहमीचंच?’ प्रश्नाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर दोन्हींचे देते.

माझा काही नेम नसतो, असे मित्रमंडळींचे ठाम मत आहे. पुरावेही ठरलेले आहेत : बँकेतली कायमची नोकरी सोडून मुद्रितशोधन पत्करले, सदाशिव पेठेतून एकाएकी धायरीला राहायला गेले, दिवेआगरच्या सहलीला आदल्या रात्री नाही म्हटले. यातले काहीच खोटे नाही. मात्र नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधीपासून मी संध्याकाळी बँकेतून आल्यावर प्रुफे तपासत होते आणि त्या पैशांत घरभाडे भागते की नाही याचा हिशेब वहीत मांडत होते. पेठेतली जागा सुटली ती मालकांनी करार पुढे वाढवला नाही म्हणून. आपल्याकडे भाड्याची घरे बहुधा ११ महिन्यांच्या करारावर मिळतात. मुदत संपत आली की भाडे वाढणार की घर बदलावे लागणार, याची टांगती तलवार असतेच, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना भाडेकरूचा बदलता पत्ता लहरीपणाचा वाटू लागतो. सहलीचे कारण तेव्हा सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही, कारण ते माझे एकटीचे नव्हते.

मी विचार मनातल्या मनात, फार सावकाश करते; लोकांपर्यंत पोहोचतो तो फक्त निर्णय. त्यामुळे ज्या गोष्टीला माझ्या लेखी वर्ष लागलेले असते, ती त्यांच्या लेखी एका संध्याकाळी घडते.

वाईची ओढही अशीच जुनी आहे. माझ्या कामात मराठी विश्वकोश सतत हाताशी लागतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तो ज्या गावात उभा राहिला ते गाव पाहावे, एवढ्याच इच्छेने मी पहिल्यांदा स्वारगेटहून एसटीने निघाले, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळले आणि दुपारभर गणपती घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. कृष्णेच्या पुराची धार दुभंगावी म्हणून ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशाच्या आकाराची बांधली आहे. १७६२ साली ते देऊळ बांधणाऱ्यांनी पूर येणार हे गृहीत धरूनच नदीकाठ निवडला, याचे मला अजून अप्रूप वाटते. त्यानंतर मी अनेकदा गेले, बहुतेक वेळा कोणाला न सांगता. प्रुफे आता ईमेलवर येतात, तेव्हा कामासाठी पुण्यातच राहायला हवे असेही उरलेले नाही.

माझ्या मनाला लागते ती गोष्ट वेगळीच आहे. अलीकडे नाटकाची तिकिटे काढताना मित्र माझे तिकीट धरत नाहीत; ‘तुझं काय, येशील न येशील’ असे म्हणतात आणि ते प्रेमानेच म्हणतात. परंतु ज्याच्या येण्याचा भरवसा नाही असे मानले, त्याच्या जाण्याचेही कोणी गांभीर्याने ऐकत नाही. वाईला पाणी कसे आहे, दवाखाना किती लांब आहे, तिथे एकटी कशी राहशील, हे प्रश्न मला हवे आहेत, आणि तेच कोणी विचारत नाही.

तर उत्तर असे : जायचे मनात आहे, ठरलेले नाही. आईच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुण्यात व्हायची आहे, ती झाल्याखेरीज मी हलणार नाही. धायरीचा करार मे महिन्यात संपतो. घाटामागच्या आळीत दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत, पण मालकांना होकार दिलेला नाही. तो देण्याआधी तुम्हांला सांगेन. तोपर्यंत तिकिटे काढाल तेव्हा माझे धरा, मी येईन.