तीच गोळी, दोन माणसं

मे महिना, ४२ अंश ऊन, वेदना ओपीडीचा दिवस. बीड जिल्ह्यातल्या एका गावाहून आबांना जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. वय ६४, वजन ४६ किलो, गालाचा कॅन्सर. तीन आठवड्यांपूर्वी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सुरू केली होती आणि चांगली लागू पडली होती. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले होते.

"मॅडम, आबा कालपासून नुसते झोपायलेत. हाक मारली तर डोळे उघडतेत, परत झाकतेत," मुलगा म्हणाला.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास मिनिटाला ७. मधूनच खांदा, मधूनच पाय झटका देत होता. हे झटके नजरेतून सुटू देऊ नयेत. मॉर्फिनच्या पेशंटला झोपेसोबत झटके दिसले की आधी मूत्रपिंडाची शंका घ्यायची.

पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. ठरल्यापेक्षा एकही जास्त गेली नव्हती.

नॅलोक्सोन म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा. त्याचा ०.४ मिलिग्रॅमचा अँप्युल सलाइनमध्ये १० मिलिलिटरपर्यंत पातळ केला आणि दर दोन मिनिटांनी १ मिलिलिटर शिरेतून दिला. घाबरून पूर्ण अँप्युल एकदम दिला की श्वास येतो, पण थांबलेली सगळी वेदना एका क्षणात परत येते आणि माणूस किंचाळत उठतो. आबांना तिसऱ्या मिलिलिटरला श्वास १२ वर आला. तिथंच हात थांबवला. नॅलोक्सोनचा असर तासाभरात ओसरतो, साचलेलं औषध मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात राहतं. म्हणून एक नर्स रात्रभर श्वास मोजत बसली. दोनदा परत डोस लागला.

मग मुलाकडची औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली. त्यात गावातली चिठ्ठी निघाली: गुडघे धरले म्हणून चार दिवस डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई, जी मूत्रपिंडावर ताण आणते. त्याआधी दोन दिवस जुलाब. "लघवी कधी झाली?" "काल दुपारी, थोडीशी." मूत्रपिंड नीट चालत नसलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ३.४ आलं, तीन आठवड्यांपूर्वी १.१ होतं.

मॉर्फिन यकृतात बदलतं आणि त्यातून एम६जी हा पदार्थ तयार होतो. तोही वेदना मारतो, झोप आणतो, आणि जातो लघवीवाटे. ती वाट तुंबली की प्रत्येक गोळी आधीच्या गोळीवर चढत जाते. कागदावर दिवसाला ६० मिलिग्रॅमच, अंगात त्याचा भार वेगळाच. उन्हाळ्यात अंगातलं पाणी तुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला डायक्लोफेनॅकची सुई देणं मला मॉर्फिनपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. लोक मात्र मॉर्फिनच्या नावालाच घाबरतात.

त्याच दुपारी एक मावशी आल्या. स्तनाचा कॅन्सर हाडात उतरलेला. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू, आणि उपयोग म्हणाल तर नुसती मळमळ. सोबतची सून म्हणाली, "यांना गोळी लागतच नाही." मावशींची पिशवीही उलटी केली, तर फ्लुओक्सेटीन २० निघाली, दुसऱ्या दवाखान्यातून उदासीसाठी दिलेली. ट्रॅमाडॉलला जोर येतो तो यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइमनं त्याचं रूप बदललं की, आणि फ्लुओक्सेटीन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. शिवाय दोन्ही एकत्र असली की घाम, थरथर, फिट येण्याचा धोका वाढतो. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांना कोडीन हे वेदनेचं औषधही लागू पडत नाही. काहींत ते फार तेज असतं, आणि त्यांना नेहमीचा डोसही झेपत नाही. मावशींची फ्लुओक्सेटीन बंद करून लगेच काही साधलं नसतं, तिचा असर काही आठवडे राहतो. ट्रॅमाडॉल थांबवलं, मॉर्फिन ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू केलं, रात्री पोट साफ होण्यासाठी बिसाकोडिलची गोळी जोडली. मॉर्फिनची मळमळ सहसा आठवडाभरात जाते, बद्धकोष्ठ जात नाही.

आबांची वेदना दीड दिवसानं परत आली. आता मूत्रपिंडावर फारसं न विसंबणारं फेंटॅनिल निवडलं, त्वचेवर चिकटवायच्या पॅचमधून. दिवसाच्या ६० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या जागी हिशोबानं तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा पॅच येतो. आम्ही १२ चा लावला. त्याचा पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर जवळ थांबवून घेतलं. त्यांचं घर पत्र्याचं. पॅच तापला किंवा अंगात ताप चढला की औषध जास्त झिरपतं, हे मुलाला दोनदा समजावलं: दुपारी लिंबाखाली झोपवा, शेकायचं नाही, ७२ तासांनी बदलायचा. त्यानं वहीत औषधाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखून घेतला: लघवी किती वेळा.