ग्रँडिनच्या छापखान्यातील एक आठवडा

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात एरी कालव्याच्या काठी पाल्मायरा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील मुख्य रस्त्यावरील एका तीन मजली विटांच्या इमारतीत एग्बर्ट ग्रँडिन या तरुण मुद्रकाचा छापखाना होता, आणि त्याच छापखान्यात १८२९-३० च्या हिवाळ्यात ‘बुक ऑफ मॉर्मन’ या आमच्या धर्मग्रंथाची पहिली आवृत्ती छापली गेली. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्या आमच्या चर्चने ही इमारत जतन केली असून १९९८ पासून ती सध्याच्या स्वरूपात पाहता येते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. माहिती सांगण्याचे काम आमच्यासारखे मिशनरी करतात. त्यांत विशी-बाविशीच्या मुली असतात आणि निवृत्तीनंतर काही महिने स्वखर्चाने सेवेला आलेली ज्येष्ठ दांपत्येही असतात. छातीवर काळी नावपट्टी लावली की माणूस इथे ‘एल्डर’ होतो आणि त्याची पत्नी ‘सिस्टर’. पहिल्या नावाने कोणी हाक मारत नाही.

मी मूळचा अहमदनगरचा, मराठी मिशनच्या परंपरेतल्या ख्रिस्ती घरातला. उमेदीची सारी वर्षे छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, जुळवण्यात गेली. ऑफसेट आल्यावर आमचा छापखाना बंद पडला, पुढे आम्ही मुलीकडे अमेरिकेत आलो आणि तिच्यामागोमाग या चर्चचे सभासद झालो. या परिसरातील मिशनऱ्यांना आळीपाळीने निरनिराळ्या स्थळांवर नेमतात: कधी चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या कुटुंबाचे शेत आणि त्यामागची राई, कधी फेएट गावातील व्हिटमर यांचे शेत, कधी ग्रँडिनची इमारत. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात आम्हाला सलग ग्रँडिनची इमारत मिळाली, याचा मला जो आनंद झाला तो आमच्या पर्यवेक्षकांना बहुधा समजला नसावा. इतरांना शेतावर जायला आवडते. राईत शांतता असते आणि तिथे येणारा माणूस आधीच भारावलेला असतो. छापखान्यात मात्र लोक प्रश्न विचारतात.

इमारतीची मांडणी मूळच्या कामाप्रमाणेच आहे. तळमजल्यावर पुस्तकांचे दुकान, मधल्या मजल्यावर बांधणी आणि सर्वांत वर छपाई. १८३० मध्ये वापरलेले मूळ यंत्र आता सॉल्ट लेक सिटीच्या संग्रहालयात आहे. आमच्याकडे त्या काळच्या धर्तीचे, हाताने दांडा ओढून चालवायचे यंत्र आहे. शेजारी खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणाखणांच्या पेट्या, शाई लावायचे चामड्याचे गोळे आणि ओले कागद वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. इंग्रजीचे काम दोन केसेसमध्ये भागते, हे पाहून मला जुन्या दिवसांत हेवा वाटत असे. आम्हाला नगरला चार केसेस पुढ्यात मांडून बसावे लागे, आणि डिग्री टाइप असेल तर काना-मात्रासुद्धा वेगळे लावावे लागत.

पत्नीची नेमणूक बहुतेक वेळा बांधणीच्या मजल्यावर होती. तिथे छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून सोळा पाने क्रमाने कशी येतात, हे दाखवायचे असते. तिने लहानपणी घरी बसून शेकड्याच्या हिशेबाने फर्मे मोडण्याचे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या घालण्याचे काम केले आहे. सुट्टीतल्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातूनच निघे. हाडाच्या पट्टीने ती घडी दाबते तेव्हा समोरची मुले तोंड उघडी टाकून पाहत राहतात. तरुण सिस्टर मिशनरींना तिने त्या आठवड्यात घडी घालायला शिकवले, आणि अंगठा कुठे ठेवला म्हणजे कडा जुळतात हे पाठ घेतल्यासारखे त्यांच्याकडून करवून घेतले. मी फारसे मध्ये पडलो नाही.

आम्हाला जी माहिती सांगायची असते तिचा गाभा ठरलेला आहे. सुवर्णपत्रांवरील प्राचीन मजकूर जोसेफ स्मिथ यांनी देवाच्या साहाय्याने इंग्रजीत आणला, अशी आमची श्रद्धा आहे. त्यातील पहिली ११६ हस्तलिखित पाने १८२८ मध्ये त्यांचे सहकारी मार्टिन हॅरिस यांच्याकडून हरवली. त्यामुळे पुढे सावधगिरी म्हणून मजकुराची दुसरी प्रत केली गेली. तिचा बहुतेक भाग स्मिथ यांचे लेखनिक ऑलिव्हर काउडरी यांनी लिहिला, आणि छापखान्यात बहुतांशी तीच थोडीथोडी करून पाठवली. छपाईचा खर्च ३,००० डॉलर होता. त्यासाठी हॅरिस यांनी २५ ऑगस्ट १८२९ रोजी आपली जमीन गहाण टाकली आणि १८३१ मध्ये तिच्यातील १५१ एकर विकून ते कर्ज फेडले. पाल्मायराच्या लोकांनी पुस्तक विकत न घेण्याचे ठरवल्यावर ग्रँडिनने धास्तावून काम थांबवलेही होते. अखेर २६ मार्च १८३० रोजी दुकानात विक्री सुरू झाली आणि ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली. एवढे सांगितले की बहुतेक मिशनरी हॅरिसच्या त्यागाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र नेहमी वाटते की या कथेत जॉन गिल्बर्ट फार उशिरा येतो, आणि कधी कधी तर येतच नाही.

गिल्बर्ट हा ग्रँडिनकडचा मुख्य जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा. बुक ऑफ मॉर्मनवर त्याचा विश्वास बसला नाही, तो चर्चमध्येही कधी आला नाही, आणि म्हातारपणी त्याने आठवणी लिहून दिल्या त्याही एखादा कारागीर लिहील तशाच कोरड्या. जोसेफचा भाऊ हायरम अंगातल्या बंडीखाली लपवून पानांचा पहिला गठ्ठा घेऊन आला, ती पाने चोवीस होती. मजकुरात आरंभापासून अखेरपर्यंत एकही विरामचिन्ह नव्हते. गिल्बर्टला दर थोड्या वेळाने थांबून अर्धे पान पुढे वाचावे लागे, तेव्हा कुठे वाक्य संपल्याचे कळे. त्याने हायरमला विचारले, की हस्तलिखित रात्री घरी नेऊ दिले तर वाचून खुणा करीन, म्हणजे दिवसाचे काम वेगाने होईल. आम्हाला हे कोणाकडे सोडू नये अशी आज्ञा आहे, असे उत्तर मिळाले. काही दिवसांनी मात्र, परत देण्याचा शब्द घेऊन, हायरमने पाने त्याच्या हाती ठेवली. दोन-तीन रात्री गिल्बर्टने शिसपेन्सिलीने विरामचिन्हे घातली.

हरवलेल्या ११६ पानांचा चटका ज्यांना बसला होता, त्यांनी पुढची पाने ग्रंथावर विश्वास नसलेल्या माणसाच्या घरी रात्रभर राहू दिली, यात जी तडजोड आहे ती मला हॅरिसच्या शेताइतकीच मोठी वाटते. दुसरी गोष्ट तर प्रत्येक जुळाऱ्याच्या ओळखीची आहे. कामाच्या दुसऱ्याच दिवशी गिल्बर्टने व्याकरणाची एक चूक दाखवून ती दुरुस्त करू का, असे विचारले. हॅरिसने हायरमशी विचारविनिमय केला आणि सांगितले की जुना करारही व्याकरणाला धरून नाही, तेव्हा लिहिले आहे तसेच लावा. आमच्या छापखान्यात याला ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ म्हणत. विरामचिन्हे घालण्याची मुभा, पण शब्दाला हात लावायचा नाही, या अरुंद पट्टीवर गिल्बर्टने पुढचे सात महिने काम केले. आपल्याकडेही मोडी कागदांत विरामचिन्हे नसत, आणि मराठीत ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे गिल्बर्ट ज्या गरजेशी झगडत होता, तिची जाणीव आपल्या लेखनाला साधारण त्याच शतकात झाली.

गुरुवारी दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांची सून आमच्या चर्चची सभासद होती आणि ते तिच्या आग्रहाखातर आले होते, हे त्यांनी स्वतःच पहिल्या वाक्यात सांगितले. त्यांचे साप्ताहिक होते आणि तेही खिळ्यांवर छापलेले. माझे सांगणे त्यांनी यंत्रापर्यंत शांतपणे ऐकले, मग दांड्यावर हात ठेवून म्हणाले, “एक यंत्र, पाच हजार प्रती, सहाशेच्या आसपास पाने, आणि सात महिने. शिवाय दर आठवड्याला वर्तमानपत्र. मला हे पटत नाही.”

सोबतची सिस्टर मिशनरी बावरली आणि श्रद्धेने अशक्य गोष्टीही होतात, अशा आशयाचे काही बोलू लागली. मी तिला नम्रपणे थांबवले. हा प्रश्न श्रद्धेचा नव्हता, हिशेबाचा होता, आणि हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यायला हवे. मी कागद घेतला आणि आम्ही दोघे खिळ्यांच्या केसपाशी उभे राहून बेरजा मांडू लागलो.

एका फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायला चौकटीत आवळलेल्या जुळणीत, सोळा पाने बसवलेली होती. मोठ्या कागदाच्या एका बाजूला ती सोळा पाने छापायची, कागद उलटून दुसऱ्या बाजूलाही तोच फर्मा छापायचा आणि कागद मधोमध कापायचा. एका कागदातून सोळा पानांच्या दोन प्रती निघतात. त्यामुळे पाच हजार प्रतींना दर फर्म्यामागे २,५०० कागद पुरतात. एकूण फर्मे ३७. म्हणजे ९२,५०० कागद, आणि दोन्ही बाजू धरल्या तर दांडा १,८५,००० वेळा ओढायचा. इथे त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. सात महिने म्हणजे तीस आठवडे, रविवार वगळून १८० दिवस, म्हणजे दिवसाला हजारापेक्षा थोडे जास्त. एकाने शाई लावायची आणि दुसऱ्याने ओढायचे अशी जोडी हातयंत्रावर ताशी अडीचशेचे उद्दिष्ट धरत असे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. तो वेग कायम राहत नाही, फर्मा बदलायला वेळ जातो, थंडीत शाई घट्ट होते. हे सारे धरूनही दिवसाचे सहा-सात तास ओढणे, आणि उरलेला वेळ व एक-दोन दिवस ग्रँडिनच्या ‘वेन सेंटिनल’ या साप्ताहिकासाठी.

“जमते,” ते म्हणाले. मग काही वेळाने, “पण छपाईने वेळ खाल्ला नसेल. खिळ्यांनी खाल्ला असेल.”

हे वाक्य ऐकण्यासाठी मी इतके महिने थांबलो होतो. आठवड्याला एकाहून थोडे जास्तच फर्मे, आणि दर फर्म्याला सोळा पाने जुळवायची, प्रूफ काढून वाचायचे, छापून झाले की तो फर्मा सोडून एकेक खिळा पुन्हा केसमधील आपल्या घरात टाकायचा, आणि मगच पुढची पाने लावायला खिळे मोकळे व्हायचे. त्यात मजकूर बिनविरामाचा. ऑलिव्हर काउडरी अधूनमधून स्वतः काही खिळे जुळवत, तेवढीच मदत. आम्ही दोघांनी मान्य केले की या इमारतीत सर्वांत अवघड जागा यंत्राची नसून खिडकीजवळच्या केसची होती. सून मागे उभी राहून हे ऐकत होती. तिला सासऱ्यांकडून श्रद्धेची कबुली हवी असावी. त्यांनी ती दिली नाही आणि मीही मागितली नाही. मिशनरी म्हणून मी अधिक काही करायला हवे होते, असे आमच्यातील काहींचे मत पडले. मला ते पटत नाही. ज्याने या पुस्तकाला पूर्णविराम दिले त्या माणसाकडूनही कोणी कबुली घेतली नव्हती, आणि तरी त्याने छापलेले कागद वर्षानुवर्षे जपून ठेवले.

शनिवारी नायगाऱ्याला निघालेले एक मराठी कुटुंब वाटेत उतरले. आम्हाला मराठी बोलताना ऐकून, “काका, तुम्ही इथे कसे?” असे त्यांनी चकित होऊन विचारले. स्कॉटलंडचे ह्यू फिंडले हे आमच्या चर्चचे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्याच्या छावणीतही त्यांनी काम केले, हे सांगितल्यावर त्यांना त्याहून जास्त आश्चर्य वाटले. त्यांची मुलगी मात्र सगळा वेळ माझ्या पत्नीकडून घडी शिकत होती.

त्या वृद्ध मुद्रकाने जाताना एक प्रश्न मागे ठेवला होता. पहिल्या आवृत्तीच्या काही प्रतींत २१२ व्या पानावर १२२ हा आकडा पडला आहे, हे मी त्यांना सांगितले होते. छपाई चालू असताना दुरुस्त्या होत गेल्या, त्यामुळे वेगवेगळ्या प्रतींत फरक आढळतात. “मग चूक ज्याने पकडली, त्याने यंत्र थांबवून आधी गिल्बर्टला दाखवली असेल की ग्रँडिनला?” मी म्हटले, गिल्बर्टला. ते म्हणाले, मालकाला. कागद वाया जात होता. आम्ही दोघेही आपापल्या छापखान्यावरून बोलत होतो, त्यामुळे वाद मिटला नाही. पुढच्या आठवड्यात आमची नेमणूक व्हिटमर यांच्या शेतावर होती, तरी मी पर्यवेक्षकांकडे एप्रिलच्या वेळापत्रकात ग्रँडिनची इमारत पुन्हा मागितली आहे, आणि गिल्बर्टचे नाव सांगण्याच्या क्रमात हॅरिसच्या लगेच नंतर घ्यावे, अशी विनंतीही लेखी दिली आहे.