विश्रांतीचा दर

जपानी लिपीतला माझा सर्वांत आधी पक्का झालेला शब्द म्हणजे ‘क्यूकेइ’. कार्यालयातल्या वेळापत्रकावर जेवणाच्या सुट्टीपुढे ती दोन अक्षरे लिहिलेली असत आणि त्यांचा अर्थ विश्रांती. त्यामुळे तोक्योत शिबुया स्थानकाजवळचा दोगेनझाका नावाचा चढ प्रथम चढताना, एकाला एक लागून असलेल्या हॉटेलांच्या पाट्यांवर तीच दोन अक्षरे, पुढे तासांचा आकडा आणि येनमधला दर पाहिला, तेव्हा दमल्याभागल्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या देशाचे मला फार कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला विचारले. त्याने चहाच्या कपात पाहत, तिथे जोडप्यांनी विश्रांती घ्यायची असते, एवढेच सांगितले.

ही ‘लव्ह हॉटेले’. नाव अलीकडचे असले तरी रीत जुनी आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तोक्योतल्याच उएनो भागातल्या शिनोबाझु तळ्याकाठी, कमळांच्या शेजारी, खास अशा भेटींसाठीची चहागृहे होती. १९७३ साली ‘मेगुरो एम्परर’ हे युरोपीय किल्ल्यासारखे हॉटेल तोक्योत उभे राहिले आणि त्या काळात बुरूज, गोल फिरणारे पलंग, आरसेच आरसे यांची चढाओढ लागली. १९८५ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने असल्या सजावटीच्या हॉटेलांवर पोलिसांची करडी नजर बसवली, तेव्हा नवी हॉटेले दिसायला साधी होऊ लागली. धंद्याला मात्र त्याने बाधा आली नाही.

यामागे घरांची रचना हे एक मोठे कारण सांगतात. कागदी सरकती दारे, आणि तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जाड चटयांवर, ओळीने झोपलेले सगळे कुटुंब. परळच्या चाळीत वाढलेल्या मला ते कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती. काकांचे लग्न झाल्यावर आमच्या खोलीतली उरलेली पुरुषमंडळी बिछाने उचलून गॅलरीत झोपायला गेली, आणि भर पावसाळ्यातही ती आत का येत नाहीत, हे आम्हा मुलांना कुणी सांगितले नाही.

आत पाऊल टाकायचा योग आला तो शेवटची गाडी चुकल्यामुळे. टॅक्सीचे भाडे ऐकून बायको म्हणाली, “अहो, त्यापेक्षा इथेच राहू. लग्न होऊन बावीस वर्षं झाली, आता कुणाची चोरी?” तरीही मी दारातून शिरताना मान खाली घातलीच.

समोर माणूस नव्हता, खोल्यांच्या छायाचित्रांची भिंत होती. ज्या छायाचित्रामागे दिवा लागलेला ती खोली रिकामी. विझलेली, म्हणजे आत कुणीतरी आहे. आम्ही निवड करीत उभे असतानाच एक दिवा आमच्या डोळ्यांदेखत विझला आणि आम्ही दोघेही उगाचच ओशाळलो. बटण दाबल्यावर बाजूच्या दुधी काचेखालच्या फटीतून किल्ली पुढे करणारा एक हात तेवढा दिसला, म्हाताऱ्या बाईचा, नखे नीट कापलेला. गाडीने येणाऱ्यांसाठी वाहनतळाच्या तोंडाशी लोंबते पडदे असतात आणि काही ठिकाणी गाडीच्या क्रमांकासमोर उभी करायला फळीही ठेवलेली असते. आपल्याकडे लॉजच्या गल्ल्यावरचा माणूस ओळखपत्राबरोबर आपली सगळी वंशावळ डोळ्यांनी वाचून घेतो. इथे न पाहण्याची एवढी व्यवस्था केलेली पाहून मला ती सभ्यता, खरे सांगायचे तर, कुठल्याही फिरत्या पलंगापेक्षा नवलाची वाटली.

खोली निळी होती. छतावर तारे चमकत होते आणि न्हाणीघर आमच्या परळच्या खोलीएवढे होते. बायकोने सगळी बटणे दाबून पाहिली, फ्रिजमधून बाटली नुसती उचलली तरी पैसे लागतात ही सूचना माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि ताऱ्यांखाली घोरू लागली. पहाटे दाराजवळच्या यंत्रात पैसे भरले तेव्हा कुठे कुलूप उघडले.

पहिल्या गाडीत बसतो न बसतो तोच गावाहून आईचा फोन आला. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती. रात्री फोन का उचलला नाही आणि होतात कुठे, असे तिने विचारले. मी म्हणालो, “गाडी चुकली, म्हणून विश्रामगृहात थांबलो होतो.”

“सरकारी का रे?” आईने विचारले. बायको खिडकीबाहेर पाहू लागली.