मिलोंगात कुणाला शिकवायचं नाही

परवा इथे ब्युनोस आयर्समध्ये मिलोंगात, म्हणजे टँगोच्या रात्री, एक पाहुणे गृहस्थ नाचता नाचताच जोडीदारणीचा खांदा दुरुस्त करायला लागले. टेबलांवरच्या लोकांचे चेहरेच बदलले. तांदा, म्हणजे एकाच जोडीदाराबरोबर सलग नाचायच्या गाण्यांचा संच, संपली (ही साधारण चार गाण्यांची असते), बाई जागेवर जाऊन बसल्या आणि त्यानंतर रात्रभर एकाही बाईने त्या गृहस्थांना नजर दिली नाही. इथे बोलावणं नजरेनेच होतं. लांबून बघायचं, समोरून मान हलली तरच उठायचं. चारचौघांत कुणाला नकार पचवावा लागत नाही. मला ही रीत मनापासून आवडते. शिकवायचं असेल तर प्रॅक्टिका, म्हणजे सरावाची बैठक असते, तिथे शिकवा.

मला राग येतो तो त्यांना तसं घडवणाऱ्या शिक्षकांचा. ऑगस्टमध्ये जागतिक टँगो स्पर्धा आली की ब्युनोस आयर्समध्ये असे वर्ग जागोजागी दिसतात. मीही एका वर्गात गेले होते. पहिल्याच दिवशी गांचो! जोडीदाराच्या पायांमधून आपला पाय आकड्यासारखा मागे फेकायचा. गर्दीच्या फ्लोअरवर त्याचा अर्थ एवढाच, की मागच्याच्या नडगीवर तुमची टाच. स्पर्धेत स्टेजचा विभाग वेगळा आणि 'पिस्ता', म्हणजे मिलोंगात नाचतात तसा फ्लोअरवरचा टँगो, वेगळा, आणि पिस्तामध्ये गांचो चालत नाही. हे त्या शिक्षकाला ठाऊक नसेल? पण पर्यटकाला स्टेज हवं असतं आणि तो तेच विकतो.

माझ्या आताच्या बाई याच शहरातल्या अल्माग्रो भागात राहतात, सत्तरीच्या आहेत. त्यांनी जुन्या टँगो वाद्यवृंदाचे प्रमुख कार्लोस दि सार्ली यांची रेकॉर्ड लावली, माझा तळहात स्वतःच्या छातीच्या हाडावर ठेवला आणि म्हणाल्या, पाय उचलू नकोस, फक्त वजन या पायावरून त्या पायावर ने. नंतर कितीतरी दिवस नुसतं चालणं. पुण्यात कथकच्या बाईंनी तत्कार पक्का होईपर्यंत तुकडा दिला नव्हता, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या रियाजाची सवय इथे उपयोगी पडते, हे मी अभिमानाने सांगते.

बाई दोन्ही बाजू नाचतात, नेणाऱ्याची आणि साथ देणारीचीही. जुन्या काळी मुलगे आपापसांत सराव करायचे आणि आधी बाईची बाजू शिकायचे, असं त्या सांगतात. शिक्षक निवडताना मी आता हेच आधी बघते. दुसऱ्या बाजूला काय जाणवतं हे ज्याला अंगाने माहीत आहे, तोच नेमकं सांगू शकतो.

फोनवर काकूंनी विचारलंच, "परक्या माणसाच्या मिठीत नाचतेस?" हो, नाचते. तांदा संपते, मध्ये कोर्तिना, म्हणजे दोन तांदांमधला छोटा वेगळा तुकडा, वाजते, माणूस मला टेबलापर्यंत सोडतो आणि विषय तिथेच संपतो. आपल्याकडच्या लोकलच्या गर्दीपेक्षा मला इथे कितीतरी सुरक्षित वाटतं.

बाईंकडे असं एकटीने शिकायचे पैसे वर्गापेक्षा जास्त जातात, हे खरं. पण वर्षभर चुकीचं शिकून ते पुसायला त्याहून जास्त जातील. पुढच्या महिन्यापासून बाई मला नेणाऱ्याची बाजू शिकवणार आहेत.