निकाली

सकाळी आण्णांनी माझ्या कालच्या बुद्धिबळाच्या डावाबद्दल एवढंच विचारलं, निकाली झाली का गं? म्हटलं नाही, बरोबरीत सुटली. ते "बरं" म्हणाले आणि पेपर उघडला. त्या एका "बरं"नं काल रात्रीपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

स्पर्धेची शेवटची फेरी, माझ्याकडे काळे, सिसिलियन नायडॉर्फ ही सुरुवात. समोरच्या काकांनी सहाव्या चालीला उंट जी-फाइव्हवर आणला तेव्हाच ठरवलं, आज बी-टूचं प्यादं खायचंच. पॉइझन्ड पॉन, विषारी प्यादं म्हणतात त्याला. वजीर एकटाच परक्या मुलखात शिरतो आणि मग परत यायला वाट सापडत नाही, 1972 ला रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत स्पास्कीपुढं फिशरचा वजीर 11व्या डावात असाच अडकला आणि डाव गेला, हे सगळं माहीत असून मी खाल्लं. ते प्यादं डाव्या मुठीत धरून तीन तास बसले, घामानं चिकट झालं, डोक्याचा गोटा तळहातात रुतला तरी सोडलं नाही.

वजीर सुटला. दोन प्याद्यांनी वर होते. मग काकांचा वजीर ई-एटवरनं शह, एच-फाइव्हवरनं शह, परत ई-एट. माझा वजीर एच-सिक्सवर मधे घातला असता की शह संपले असते, आणि हे मला दिसलं होतं. घरी येऊन कॉम्प्युटरवरच्या बुद्धिबळ इंजिनला विचारलं, त्यानंही तेच दाखवलं. पण घड्याळात चार मिनिटं, राजा उघडा, मी राजाच हलवला, परत जी-एट. तिसऱ्यांदा तीच पोझिशन आली, म्हणजे बरोबरी, काकांनी हात पुढं केला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अर्ध्या गुणाचं काही नाही, पण सुटल्यासारखं का वाटावं? जिंकत असताना? ऑफिस करून रात्री अकरानंतर पटावर बसायचं, रविवार घालवायचे, ते हे वाटण्यासाठी? आईला तर... जाऊ दे.

दुपारी आण्णांना सगळं सांगितलं. त्यांचं तरुणपण खासबागेत कुस्त्या बघण्यात गेलं, पट त्यांना कळत नाही. म्हणाले, दम संपला होता का भ्याली होतीस? म्हटलं, भ्याले. "मग हाय की दम अजून."

रात्री तीच पोझिशन परत मांडली आणि वजीर एच-सिक्सवर ठेवला. पुढचा एंडगेम लांब आहे, पण खेळता येतो मला.

प्यादं जर्किनच्या खिशात सापडलं. पंचांना फोन केला, म्हणाले सेट बांधताना एक पांढरं कमी पडतच होतं. उद्या ऑफिसला जाताना देऊन येते.