स्लेटखालचा कागद

मी बिलियर्ड्स-स्नूकरची टेबलं बसवतो. खेळाडू आम्हाला फिटर म्हणतात, जुने मेंबर अजून मिस्त्रीच म्हणतात. नॅशनल, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, कुठल्याही गावात असो, आम्ही आठ-दहा दिवस आधी पोचतो आणि पहिला खेळाडू क्यूला, म्हणजे काठीला, चॉक लावायच्या आत सामान बांधून निघालेलो असतो. त्यामुळे तेवीस वर्षं या धंद्यात असून नॅशनलची एकही फायनल मी खुर्चीत बसून पाहिलेली नाही.

हा किस्सा अशाच एका नॅशनलच्या आधीचा, मुंबईतल्या एका जुन्या जिमखान्यातला. नाव घेत नाही, कारण पुढे कळेलच.

हॉलमध्ये पाच टेबलं होती. चारांना फक्त नवीन कापड घालायचं होतं. पाचवं खिडकीकडचं, बर्मा सागाच्या जाड पायांचं. त्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. म्हातारीवर ‘डी’मधून, म्हणजे एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून, हळू सोडलेला बॉल दुसऱ्या टोकाच्या ब्लॅकच्या, म्हणजे काळ्या बॉलच्या, स्पॉटपर्यंत जाता जाता डावीकडे सरकायचा. जेमतेम बोटभर, पण स्नूकरमध्ये बोटभर म्हणजे फार झालं. पॉकेटचं तोंडच साडेतीन इंचांच्या आसपास, आणि बॉल दोन इंचांहून थोडा मोठा. मेंबरांना त्या वळणाची सवय होती, ते तेवढं सोडूनच मारायचे. बाहेरगावच्या पोराने काय करायचं?

ज्यांनी टेबल आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरव्या कापडाखाली लाकूड नसतं, दगड असतो. बारा बाय सहाच्या टेबलाला स्लेटच्या पाच लाद्या, एकेक दीडशे किलोच्या वर. लाद्या पितळी खुंट्यांनी एकमेकींत बसतात आणि खालच्या चौकटीवर टेकतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि समुद्र जवळ असला तर बाराही महिने काही ना काही करतच असतं. मग लादी केसभर खाली जाते. ती उचलायला आम्ही खाली पातळ पत्रा सारतो. जुने फिटर पत्ते वापरायचे, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा वापरायचे. मी स्वतः एका टेबलाखालून लग्नपत्रिका काढली आहे.

त्या दिवशी सकाळी कुशन, म्हणजे कडेच्या रबरी पट्ट्या, उतरवली, कापड काढलं, आणि बाजूला नेहमीच्या खुर्चीवर मामा येऊन बसले.

मामा म्हणजे जिमखान्याचे निवृत्त मार्कर. मार्कर हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. गुण मांडणारा, लांबच्या फटक्याला क्यू टेकवायची दांडी, म्हणजे रेस्ट, हातात देणारा, टेबल ब्रश करणारा, आणि मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणारा माणूस. खेळणारा म्हणजे शिकवणाराच, पण तसं म्हणायचं नाही. मामा सत्तरी कधीच ओलांडून गेलेत. नॅशनल म्हटलं की त्यांची जीभ सुटते.

“आमच्या वेळेला स्नूकरला कोण विचारत होतं?” ते म्हणाले. “खेळ म्हणजे बिलियर्ड्स. स्नूकर म्हणजे जेवणानंतरची सुपारी.”

आणि ही सुपारी इथलीच, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. १८७५ साली जबलपूरच्या फौजी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो वेगळा) रंगीत बॉल वाढवून हा खेळ जमवला, आणि नियम ठाकठीक झाले ते उटीच्या क्लबात. तरी आपल्याकडे मान बिलियर्ड्सलाच राहिला. दोन्ही नॅशनल तीच माणसं खेळायची. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स बिलियर्ड्सचे बारा वेळा राष्ट्रीय विजेते आणि स्नूकरचे पाच वेळा. १९५८ साली कलकत्त्यात ते बिलियर्ड्सचे जागतिक अमॅच्युअर विजेते झाले, तेव्हा कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेला भारतीय त्यांच्याआधी नव्हता. लोकांच्या लक्षात तेच राहिलं. स्नूकरच्या पाच विजेतेपदांचा उल्लेख येतो तो शेवटच्या ओळीत.

मामांनी लाफिरना पाहिलं होतं. १९७३ ची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा मुंबईत झाली, तिच्यात श्रीलंकेचे लाफिर आपल्या सतीश मोहनना मागे टाकून जिंकले. मामा तेव्हा नुकते कामाला लागले होते. साहेब लोकांचे कोट सांभाळत, खांबाआडून पाहिलं म्हणाले. खेळ वर्णन करून सांगताना ते उजवा हात हलवत नाहीत, डावा पंजा टेबलावर टेकवल्यासारखा हवेत धरतात. ब्रिज, क्यू टेकवायचा हात. खेळणाऱ्या माणसाची खूण.

मी ऐकत होतो आणि लेव्हल लावत होतो. पहिल्या तीन लाद्या सरळ. चौथी आणि पाचवी जिथे भेटतात तिथे पायरी होती, नखाला लागेल एवढी. सांध्यातलं जुनं प्लास्टर खरवडलं, पहार घातली, दोघा पोरांनी भार दिला आणि चौथी लादी सुतभर उचलली. आडव्या तुळईवर, पितळेच्या एका जुन्या पट्टीशेजारी, चार घड्यांचा कागद होता. पट्टी अर्धी बाहेर सरकली होती, बॉल वळायचं कारण ती. कागद मात्र जिथे ठेवला होता तिथेच होता. दाबून दाबून पापडासारखा झालेला.

असा कागद फेकून आपला पत्रा सारायचा, ही आमची रीत. का कुणास ठाऊक, मी तो उलगडला.

टाइप केलेला अर्ज होता. इंग्रजीत. नॅशनलला खेळाडू पाठवण्याआधी जिमखान्यात निवड स्पर्धा व्हायची, तिचा प्रवेश अर्ज. खेळ या रकान्यात बिलियर्ड्स खोडून स्नूकर ठेवलेलं. खाली नाव, वय, आणि छापील प्रतिज्ञा: मी अमॅच्युअर आहे, या खेळातून मी पैसे कमावत नाही. प्रतिज्ञेखाली सही. पेशा या रकान्यात वळणदार अक्षरात ‘मार्कर’. आणि त्या शब्दाभोवती लाल शाईचं वर्तुळ, समासात दोनच शब्द: पगारी, अपात्र.

अमॅच्युअर म्हणजे हौशी. लहानपणापासून हौशी नाटकवाले पाहिल्यामुळे हौशी म्हणजे जरा कच्चा, असंच माझ्या डोक्यात होतं. स्नूकरमध्ये ते तसं नाही. ओम अग्रवाल १९८४ ला डब्लिनमध्ये जागतिक स्नूकर जिंकले ते अमॅच्युअर म्हणूनच. पंकज अडवाणी २००३ साली, अठराव्या वर्षी, चीनमध्ये जिंकला तेही अमॅच्युअर स्पर्धेतच. त्या अर्जाच्या वेळी शब्दाचा अर्थ इतकाच होता, की पोट दुसऱ्या कशावर तरी भरायला हवं. कापसाच्या दलालाचं भरायचं, वकिलाचं भरायचं. मार्करचं पोट टेबलाशेजारीच भरत होतं, म्हणून तो बाहेर. ज्याने सकाळ-संध्याकाळ टेबल ब्रश केलं, त्याला त्या टेबलावर गुण मिळवायची परवानगी नव्हती.

मी कागद मामांच्या हातात दिला. चष्मा काढून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला.

“तुमचा?” मी विचारलं.

“नाही रे. माझ्या उस्तादांचा.” मग थोड्या वेळाने: “पहाटे सहाला यायचे. मेंबर यायच्या आधी, ह्याच टेबलावर. एकच दिवा लावायचे, वीज मोजायचे साहेब लोक. मी रंगीत बॉल परत स्पॉटला लावून द्यायचो. एका दमात शंभराच्या वर गुणांचे ब्रेक मी मोजलेत त्यांचे. वहीत नाही लिहिले. कुठल्या वहीत लिहिणार?”

“हा इथे कसा आला पण?”

“फिटरने कागद मागितला असेल, ह्यांनी खिशातला दिला असेल. किंवा ऑफिसच्या टोपलीतला असेल.” त्यांनी खांदे उडवले. “मला तेव्हा बोलले नाहीत काही.”

मला उगाच गुंटूर आठवलं. १९८८ च्या नॅशनलमध्ये गीत सेठींनी तिथे १४७ चा ब्रेक केला, म्हणजे एकाच पाळीत सलग १४७ गुण. पंधरा रेड, प्रत्येक रेडमागे ब्लॅक, मग सहा रंग, एकही चूक नाही. अमॅच्युअर स्पर्धेत असं आधी झालं नव्हतं. छत्तीस फटके एका दमात आत घालायला हात लागतो, हे सगळे म्हणतात. टेबलही लागतं. त्या टेबलाचं कापड कुणी ताणलं, लेव्हल कुणी लावली, आदल्या रात्री इस्त्री कुणी फिरवली, हे मी या धंद्यातल्या कितीतरी जुन्या लोकांना विचारलंय. कुणाला माहीत नाही. आता हे मी फिटर म्हणून बोलतोय, माझा स्वार्थ आहे त्यात, हे मान्य.

माझ्या पेटीत पितळी पत्रे होते. कागदाइतक्या जाडीचा काढला, फिलर गेजने, म्हणजे जाडी मोजायच्या पात्यांनी, मोजून. चार घड्या मिळून अर्धा मिलिमीटरही भरत नव्हत्या. म्हटलं, मामा, कागद तुम्ही ठेवा. फ्रेम करा. हवं तर सेक्रेटरींना दाखवा, नॅशनलच्या वेळी हॉलमध्ये जुने फोटो लावणार आहेत म्हणे.

मामांनी कागद त्याच घड्यांवर मिटला.

“लेव्हल कागदाने बिघडली होती की पट्टीने?”

“पट्टीने.”

“मग कागद काढायचा कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पट्टीच्या जागी नवा पत्रा बसवला आणि शेजारी, जिथे होता तिथे, कागद ठेवला. जाडी जमवायला पत्रा दोनदा बदलावा लागला. लादी खाली आली. नख फिरवलं, पायरी नव्हती. सांधा भरला, घासला, दुपारी कापड चढवलं. लव ‘डी’कडून ब्लॅककडे जाईल असं. उलटं घातलं तर बॉल भलतीकडेच ओढतो, आणि हो, तेही मी नवशिका असताना एकदा केलेलं आहे. रात्री दहाला इस्त्री फिरवली.

मग मामांना पांढरा बॉल दिला. म्हटलं, सोडा.

त्यांनी क्यू घेतला नाही. ब्राउनच्या स्पॉटवरून बॉल हातानेच सोडला, अगदी हळू. तो ब्लूवरून, पिंकवरून, ब्लॅकवरून गेला, वरच्या कुशनला टेकला आणि परत निघाला. पिंकपर्यंत येऊन थांबला. मधल्या रेषेवर.

“बरं आहे,” मामा म्हणाले आणि डबा उचलून घरी गेले.

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. पुढच्या आठवड्यात मामांचा फोन आला. फायनल अर्थातच मधल्या टेबलावर झाली, कॅमेऱ्यासमोर. म्हातारीवर सुरुवातीच्या फेऱ्याच झाल्या. इंदूरकडच्या एका पोराने तिथे छान ब्रेक मारला आणि तरीही रेफरीकडे कुरकुर केली, की खिडकीकडचं टेबल जरा स्लो आहे.

“आणि लेव्हल?” मी विचारलं.

“लेव्हलबद्दल कुणी काही बोललं नाही.”